पेरूला पिशवी घाला, झाडाला जाळी नको



थंडी ओसरून ऊन तापायला लागलं की आपल्या मंडळातल्या गप्पांचा विषय बदलतो. लग्नं, वर्षीतप, सुनांच्या नोकऱ्या हे सगळं बाजूला पडतं. मग सुरू होतं, "खारीने सगळे पेरू कुरतडले", "पोपटांनी डाळिंब पोखरलं", "बुलबुल एक टोमॅटो लाल होऊ देत नाही". डहाणू असो, घोलवड-बोर्डी असो की तलासरी, जिच्या घरामागे चार झाडं आहेत तिची हीच तक्रार. त्यामागोमाग उपायही येतात. कुणी नायलॉनची जाळी सांगते, कुणी उंदरांसाठी मिळतो तो गोंदाचा पुठ्ठा, कुणी पिंजऱ्यात खार धरून दूर सोडून यायला सांगते.

माझं मत आधीच सांगून टाकते. आपण लावलेलं फळ राखण्यात काही गैर नाही. पण राखायचं ते फळ, झाड नव्हे. अख्ख्या झाडावर सैल नायलॉनची जाळी टाकणं, गोंद लावणं, पिंजरा मांडणं हे श्राविकेच्या घरात बसत नाही. कारण नुसतं भावनेचं नाही, हिशोबाचंही आहे. मी कॉमर्सची पदवीधर, त्यामुळे दोन्ही बाजू लिहून मगच शिल्लक काढते.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घ्या. आपल्या परसात बटाटा नाही, कांदा नाही, लसूण, गाजर, मुळा, बीट काही नाही. जमिनीखाली लपलेलं आपण काही पिकवतच नाही. आपलं सगळं जमिनीच्या वर, उन्हात, पाखरांच्या नजरेसमोर: टोमॅटो, मिरची, वालाच्या शेंगा, पेरू, चिकू, सीताफळ, पपई. म्हणजे आपल्या बागेला पाहुणे जास्तच येणार. ते धरूनच बागेचा बेत करायला हवा.

दुसरं म्हणजे, आपण राहतो कुठे? घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२१ मध्ये तो इंग्लंडलाही गेला, हे आपण कौतुकाने सांगतो. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं. इथल्या लोकांनी या वाड्या टिकाव्यात म्हणून वर्षानुवर्षं खटपट केली, तेव्हा कुठे आजची हिरवळ उरली आहे. ही हिरवळ आपल्याला हवी, पण तिच्यात राहणारी खार आणि पोपट नकोत, असं कसं चालेल? वाडी आली की पाखरं आलीच. आणि महामार्ग, रेल्वे, इमारती यांसाठी जुनी झाडं जात असताना उरलेल्या झाडांवर त्यांची गर्दी होणारच.

आता धर्माचं बघू. गृहस्थाला सगळी हिंसा टाळता येत नाही, हे आपल्या शास्त्रानेच मान्य केलं आहे. म्हणून हिंसेचे चार प्रकार सांगितले: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. स्वयंपाक, झाडझूड, बागकाम यांत नकळत जी हिंसा होते ती आरंभी. तीसुद्धा जयणेने कमी करायची. पण संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली हिंसा, श्रावकाला पूर्ण वर्ज्य. आता सांगा, गोंदाचा पुठ्ठा विकत आणून खारीच्या वाटेवर ठेवणं यातल्या कुठल्या खान्यात बसतं? तो पुठ्ठा चुकून ठेवला जात नाही. त्याला चिकटलेला जीव तासन्‌तास तडफडतो, कातडी सोलून निघते. खार पंचेंद्रिय आहे. पेरू एकेंद्रिय. एका पेरूसाठी हा सौदा कुणी करू नये.

प्रतिक्रमणात आपण पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आठवतो: बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि भत्तपानविच्छेद. तोंडाने म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर बैल, घोडे, गाडीवान येतात. आता बैलगाडी राहिली नाही, म्हणून हे अतिचार आपल्याला लागू नाहीत असं वाटतं. जरा परसात जाऊन बघा. पिंजऱ्यात कोंडलेली खार हा बंध. गलोलीने मारलेला दगड हा वध. नायलॉनच्या दोऱ्यात अडकून कापलेला पाय किंवा पंख हा छविच्छेद. आणि खारीला पकडून चार किलोमीटरवर सोडून आलो, इकडे घरट्यात तिची पिल्लं उपाशी राहिली, तर तो भत्तपानविच्छेद. पाचातले चार अतिचार एका पेरूच्या झाडाखाली होऊ शकतात.

काही जणी विचारतील, मग फळाला पिशवी घालणं हाही भत्तपानविच्छेद नाही का? पाखराच्या तोंडचं काढून घेतलं ना? माझी समज अशी आहे, की हा अतिचार आपल्या दावणीला बांधलेल्या, आपल्यावर अवलंबून असलेल्या जिवाचं अन्नपाणी तोडण्याबद्दल आहे. मोकळ्या पाखराला दहा झाडं उघडी आहेत, त्यातली वीस फळं आपण झाकली तर त्याचा आहार तुटत नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी चातुर्मासात महाराजसाहेबांना जरूर विचारावं.

माझ्या मते खरा प्रश्न जाळीचा आहे, कारण ती आपल्याला निरुपद्रवी वाटते. संक्रांतीच्या दिवसांत मांजाने कापलेली पाखरं उचलायला आपली मुलं, सुना धावतात. शेजारी गुजरातेत २०१७ पासून उत्तरायणाला सरकारी करुणा अभियान चालतं, त्यात आपल्या समाजाची कितीतरी मंडळी असतात. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली. दिल्लीला लाल किल्ल्यासमोरच्या लाल मंदिरात आपण चालवलेलं पक्ष्यांचं रुग्णालय आहे, तिकडे गेलो की आपल्याला अभिमान वाटतो. आणि जानेवारीत मांजाविरुद्ध बोलणाऱ्या आपण मार्चमध्ये तोच नायलॉन विणून स्वतःच्या झाडावर पसरतो! पतंगाचा दोरा तरी दोन दिवसांचा. जाळी महिनोन्‌महिने पडून राहते. पाखराला बारीक धागा दिसत नाही, पाय अडकला की ते फडफडतं आणि जितकं फडफडतं तितकं गुंततं. धामणीसारखा साप खालच्या कडेतून शिरतो आणि खवल्यांत धागा रुतून तिथेच राहतो. आपण दुपारी झोपलेल्या असतो, संध्याकाळी चौविहाराची घाई असते. जाळीकडे बघतं कोण?

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया नावाचं राज्य आहे. तिथे १ सप्टेंबर २०२१ पासून घरगुती फळझाडांवर टाकायच्या जाळीचं भोक, जाळी ताणल्यावरही, पाच मिलिमीटरच्या वर चालत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे: जाळीत बोट शिरलं तर ती जाळी वापरायची नाही. तिथल्या सरकारने हे वटवाघळं, पाखरं, साप अडकून मरतात म्हणून केलं. त्यांना कायद्याने करावं लागलं. आपल्याला व्रताने कळायला हरकत नाही.

कायदा आपल्याकडेही आहेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पकडणं, सापळा लावणं, विष घालणं, घरटं मोडणं, अंडी काढणं हेही त्यात येतं. पोपट पिंजऱ्यात ठेवणं हाही गुन्हा आहे. डाळिंब खाणाऱ्या पोपटाला "धरून पाळू या" असं नातवंडं म्हणाली तर त्यांना हे सांगा.

आता दुसऱ्या टोकाच्या मैत्रिणींशी बोलते. त्या म्हणतात, "कशाला राखायचं? सगळं पाखरांना अर्पण. हीच खरी जीवदया." ऐकायला छान वाटतं, पण हिशोब पुढे नेऊन बघा. घरचा टोमॅटो पाखरांना दिला, मग आपण काय खाल्लं? बाजारातला. तो इतका डागरहित, चकचकीत का असतो? त्यावर किती वेळा औषध फवारलं गेलं आणि त्यात किती त्रसजीव गेले, याची नोंद आपल्या पिशवीवर नसते. घरची बाग औषधाविना चालते म्हणूनच ती कमी हिंसेची आहे. ती टिकली पाहिजे, आणि टिकायची तर तिच्यातलं काही आपल्या ताटात आलं पाहिजे. चार वर्षं एकही फळ हाती लागलं नाही तर मुलगा म्हणेल, "आई, तिथे फरशी टाकू, गाडी लावायला जागा होईल." मग आपणही गेलो आणि खारही गेली.

म्हणून मधला मार्ग. मी जे करते ते लिहिते.

सर्वांत आधी, वेळेवर उतरवणं. यानेच बरंच नुकसान वाचतं. चिकू झाडावर मऊ होईपर्यंत ठेवायचाच नसतो. सालीवरची तपकिरी भुकटी सहज निघायला लागली आणि नखाने हलकं खरवडल्यावर हिरव्याऐवजी पिवळसर रेघ दिसली, की फळ तयार. झेल्याने काढून घरात पिकवायचा. कडक चिकूच्या वाटेला पाखरं फारशी जात नाहीत, मऊ झाल्याचा वास सुटला की रात्री वटवाघूळ आणि पहाटे खार हजर. पपईवर पहिली पिवळी रेघ दिसली की काढा. टोमॅटो बुडाशी गुलाबी झाला की काढा, टोपलीत तो लाल होतोच. सीताफळाचे डोळे उमलून मधली फट पांढरट-पिवळी दिसली की काढा.

दुसरं, पिशवी. पेरू लिंबाएवढा झाला की त्याला वर्तमानपत्राची किंवा मलमलची पिशवी घालून देठाशी सैल बांधायची. आंब्याला तर कोकणात बागायतदारही कागदी पिशव्या घालतात. पेरूच्या पिशवीचा आपल्यासाठी आणखी मोठा फायदा आहे: फळमाशीला फळात अंडी घालता येत नाहीत. पिकलेला पेरू कापल्यावर आत अळ्या निघाल्या की आपल्या जिवाची किती कालवाकालव होते! ती वेळच येत नाही. म्हणजे पिशवी नुसती पाखरापासून फळ राखत नाही, त्रसजीवांची हिंसाही टाळते. लग्नाकार्यात भेटवस्तूंबरोबर येणाऱ्या जाळीदार पोटल्या घरोघरी पडून असतात. त्या डाळिंबाला आणि सीताफळाला अगदी बरोबर बसतात.

खार मात्र कापड कुरतडते, हे खरं. तिचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणं तिला चुकत नाही. ती दुष्टपणाने नासाडी करते असं म्हणू नका. तिच्यासाठी मोजक्या फळांना लोखंडी बारीक जाळीचा डबा करून अडकवा. झाड एकटं उभं असेल, भिंतीला किंवा दुसऱ्या फांदीला टेकत नसेल, तर नारळाला उंदरांसाठी मारतात तसा गुळगुळीत पत्रा खोडाभोवती गुंडाळा. खिळा नको, तारेने बांधा आणि खोड वाढेल तशी तार सैल करा. आणि लावण्याआधी झाडावर खारीचं घरटं नाही ना, ते बघा.

कुंड्यांतल्या टोमॅटो-मिरचीसाठी खिडकीला लावतो ती डासांची जाळी लाकडी चौकटीवर ताणून ठोका. हिच्यात बोट शिरत नाही, ताणलेली असल्याने पाय गुंतत नाही, आणि चौकट उचलून बाजूला ठेवता येते. मिरचीचं पाणी फवारायचा उपाय पुष्कळ जणी सांगतात. पाखरांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, पोपट मिरच्या मिटक्या मारत खातो. आणि खारीच्या डोळ्यांत तिखट गेलं तर तो आपल्याच खात्यात जमा. चमकत्या पट्ट्या, जुन्या सीडी टांगायला हरकत नाही, पण दोन-चार दिवसांनी जागा बदला. पाखरं काही खुळी नाहीत.

तिसरं, पाणी. भर उन्हाळ्यात पाखरं टोमॅटोला टोचतात ती पुष्कळदा तहानेने. सावलीत पसरट मातीचं भांडं ठेवा, गाळलेलं पाणी भरा आणि रोज घासून बदला. आठवडाभर तेच पाणी ठेवलं तर त्यात डासांच्या अळ्या होतात, मग ते ओतणंही पाप आणि ठेवणंही पाप.

चौथं, वाटा. माझ्या सासूबाईंचा नियम होता: हात पोचेल तिथवरचं आपलं, त्यावरचं त्यांचं. शिडी लावून शेंड्याचं शेवटचं फळ त्यांनी कधी उतरवू दिलं नाही. मी तोच नियम चालवते. आणखी एक भर घातली आहे. बीज, पाचम, आठम, अगियारस, चौदस या तिथींना आपल्याकडे लीलोतरी नसते, त्या दिवशी मी बागेतलं काहीच तोडत नाही. त्या दिवशी उघडं जे पिकेल ते त्यांचं. फळ टोचलेलं, कुरतडलेलं असेल तर ते धुऊन, कापून उरलेलं खाऊ नका. वटवाघळाने चावलेल्या फळाबद्दल तर २०१८ मध्ये केरळात निपाह आला तेव्हापासून डॉक्टर बजावत आहेत. असं फळ झाडाखाली खड्ड्यात टाकून मातीआड करा.

आता जमाखर्च. समजा एका पेरूच्या झाडाला शंभर फळं लागली. चाळीसांना पिशव्या घातल्या. साठ उघडी राहिली, त्यातली वीस आपण वेळेवर उतरवली, चाळीस पाखरांनी, खारींनी नेली. आपल्या हाती साठ आली. दोन माणसांच्या घरात साठ पेरू कोण खातं? शेजारी वाटावेच लागतात. खर्च किती, तर रद्दी, सुतळी आणि दोन सकाळी. आता जाळीचा हिशोब मांडा. जाळीचे पैसे, ती टाकायला माणसाची मजुरी, दर वर्षी फाटली की नवी, फाटलेली जाळी जाळताही येत नाही, पुरताही येत नाही. आणि एखादा बुलबुल अडकून मेला तर ती रक्कम कुठल्या रकान्यात लिहायची, ते मला कुठल्याही पुस्तकात शिकवलं नाही.

उत्पन्नाच्या बाजूला अजून एक गोष्ट धरा. बुलबुल, शिंपी, सातभाई, शिंजीर ही मंडळी नुसतं खात नाहीत. फुलांवर परागीभवन करतात, फळांच्या बिया लांब नेऊन टाकतात. वटवाघूळही तेच करतं. आपल्या कुंपणाला आपोआप उगवलेलं पपईचं किंवा जांभळाचं रोप कुणी लावलं, असं वाटतं तुम्हाला?

एक नाजूक गोष्ट बोलते, राग मानू नका. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि केवढा वाद उठला. आपल्यातल्या पुष्कळ जणींचं मन दुखावलं, माझंही. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण एक विचार मनात येतो. मूठभर ज्वारी टाकणं सोपं आहे, ती आपण आपल्या सोयीने टाकतो. आपल्या स्वतःच्या झाडाचं, आपण वर्षभर पाणी घातलेलं फळ कुणी न विचारता नेलं, तेव्हा मन शांत ठेवणं कठीण आहे. मला वाटतं, अनुकंपेची खरी परीक्षा तिथे होते. पांजरापोळीची पावती आपण हौसेने फाडतो. खारीने नेलेल्या सीताफळाची पावती मिळत नाही, एवढाच फरक.

कुणाला झाडांबद्दल जास्त माहिती हवी असेल तर आपल्या कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे जाऊन विचारा. जाळीत पाखरू किंवा साप अडकलेला दिसला तर ओढाताण करू नका. पाखरावर हलकं सुती कापड टाका, म्हणजे ते शांत होतं, आणि जाळी कात्रीने कापा. सापाला हात न लावता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

महावीर जन्मकल्याणक जवळ आलं आहे. त्या दिवशी आपण वरघोड्यात चालू, जीवदयेच्या टिपेत नाव लिहू. त्याआधी एक दुपार काढा आणि परसातल्या जाळीत बोट घालून बघा. बोट शिरलं तर ती उतरवा, आणि नातवंडांना रद्दीच्या पिशव्या चिकटवायला बसवा. माझ्याकडे या आठवड्यात पस्तीस झाल्या आहेत. कुणाला हव्या असतील तर मंडळात घेऊन येईन.

जय जिनेंद्र.